चषकावरची शाळा, भिंतीवरची शाळा: ग्रीकांचे रोजचे जगणे आणि वाशिमची वाट

१/
इ.स.पू. ४८५ च्या सुमारास अथेन्समध्ये डुरिस नावाच्या चित्रकाराने मद्य पिण्याच्या एका पसरट चषकावर शाळा रंगवली. त्यानंतर सुमारे साडेनऊशे वर्षांनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात कोणा अनाम चित्रकाराने भिंतीवर शाळा रंगवली. पहिली शाळा ग्रीक नगरराज्यातली. दुसरी वत्सगुल्माच्या, म्हणजे आजच्या वाशिमच्या, वाकाटक राजाच्या काळातली. ग्रीकांचे दैनंदिन जीवन समजून घ्यायचे तर या दोन चित्रांमधला रस्ता चालून पाहावा. त्या रस्त्यावर महाराष्ट्रातली लेणी लागतात, बाजारपेठा लागतात आणि मराठीत रोज बोलले जाणारे काही शब्दही भेटतात. #धागा

२/
आधी वाशिमविषयी. वाकाटकांच्या दोन शाखांपैकी एकीची राजधानी वत्सगुल्म येथे होती. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः प्राकृत कवी होता. 'हरिविजय' हे त्याचे काव्य. याच घराण्यातील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिम येथेच मिळाला. त्यातली वंशावळ संस्कृतात आहे, तर व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावून दिला. अक्षरांशी इतके जुने नाते असलेल्या गावातून अथेन्सच्या शाळेकडे पाहणे मुळीच विसंगत नाही.

३/
आता तो चषक. तो आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. चषकाच्या बाहेरच्या बाजूवर शिक्षक बसलेले आहेत. अक्षरांच्या पाठात विद्यार्थी अंगाभोवती वस्त्र लपेटून शिक्षकासमोर उभा आहे. एका शिक्षकाच्या हातात उलगडलेली गुंडाळी असून तिच्यावर काव्याची ओळ आहे. दुसरा शिक्षक लायर हे तंतुवाद्य शिकवतो, तिसऱ्याच्या ओठांशी जोडपावा आहे, तर चौथ्याच्या हातात लिहिण्याची पाटी आणि टोकदार लेखणी. मागच्या भिंतीवर वाद्ये आणि इतर वस्तू टांगलेल्या दिसतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वर्गाचे इतके तपशीलवार चित्र दुर्मीळ आहे.

४/
या शाळेत मुलगा साधारण सातव्या वर्षी जाऊ लागे. त्याचे तीन गुरू असत. 'ग्रामाटिस्टेस' वाचन, लेखन आणि हिशेब शिकवी. 'किथारिस्टेस' संगीत शिकवी. 'पायडोट्रिबेस' कुस्ती, धावणे, उडी यांची तालीम घेई. अथेन्समध्ये सरकारी शाळा नव्हती. शिक्षकाला फी द्यावी लागे. श्रीमंताचा मुलगा अनेक वर्षे शिके, गरिबाचा अक्षरओळख होताच बापाच्या धंद्याला लागे. होमरची महाकाव्ये तोंडपाठ करणे हा शिक्षणाचा कणा होता. पाठांतर, घोकंपट्टी आणि चुकल्यास छडी ही त्रयी तिथेही ठाण मांडून होती.

५/
साहित्य साधे होते. लाकडी पाटीला खोलगट चौकट करून तिच्यात मेण भरत. टोकदार लेखणीने त्या मेणावर अक्षरे कोरत. लेखणीचे दुसरे टोक चपटे असे. त्याने मेण सारखे केले की पाटी पुन्हा कोरी. कागद नव्हता. पपायरसच्या गुंडाळ्या इजिप्तमधून येत आणि महाग पडत, म्हणून सराव मेणावर किंवा फुटक्या खापरावर होई. पपायरसवर शाईने लिहायला वेताची लेखणी लागे. तिला ग्रीकमध्ये 'कालामोस' म्हणत. हाच शब्द अरबीत 'कलम' झाला आणि फारसीच्या वाटेने मराठीत उतरला. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानामागची कलम नावाने तरी ग्रीक शाळेची नातेवाईक आहे.

६/
आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे. ग्रीक 'स्कोले' म्हणजे फुरसत, मोकळा वेळ. त्यातून लॅटिन 'स्कोला' आणि पुढे इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द आला. संस्कृतोद्भव 'शाळा' या शब्दात मुळात जागेचा, दालनाचा अर्थ आहे. ग्रीकांच्या शब्दात वेळेचा. ज्याला पोटासाठी दिवसभर राबावे लागत नाही त्यालाच शिकायला वेळ मिळतो, ही त्या शब्दामागची समजूत. मग प्रश्न उभा राहतो: या मुलाला फुरसत मिळावी म्हणून कोण राबत होते?

७/
उत्तर त्याच चषकावर बसले आहे. विद्यार्थ्याच्या पाठीमागे हातात काठी घेतलेला एक दाढीवाला मनुष्य दिसतो. अभ्यासक त्याला 'पायडागोगोस' मानतात. या शब्दाचा शब्दशः अर्थ मुलाला नेणारा. मुलाला घरून शाळेत न्यायचे, वाटेत सांभाळायचे, त्याचे सामान वाहायचे, चालचलणूक बघायची, ही त्याची कामे. आणि हा मनुष्य बहुधा दास असे, विकत घेतलेला. शिक्षणशास्त्राला युरोपीय भाषांत जे नाव आहे, 'पेडॅगॉजी', ते या दासाच्या हुद्द्यावरून आले. रोज वर्गात बसून पाठ ऐकणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुलाला मात्र त्या वर्गात बसवता येत नव्हते.

८/
चषकावर मुली नाहीत. नागरिकाच्या घरातली अथेनियन मुलगी सहसा शाळेत जात नसे. ती आईजवळ लोकर पिंजायला, सूत काढायला, मागावर विणायला शिके. उभ्या मागाचे सूत ताणून धरायला खाली मातीची वजने बांधत. अशी वजने ग्रीसमधील उत्खननांत मोठ्या संख्येने मिळतात. चौदा-पंधरा वर्षांची झाली की तिचे लग्न होई, नवरा बहुधा तिशीतला असे. लग्नाआधी ती आपली खेळणी आर्टेमिस देवीला वाहून टाकी. हातपाय हलणाऱ्या मातीच्या बाहुल्या आज संग्रहालयांत दिसतात.

९/
तिच्या खेळांपैकी एक मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल. 'पेंटेलिथा' म्हणजे पाच खडे. ते वर उडवायचे, हात पालथा करून पंजाच्या पाठीवर झेलायचे, खाली पडलेले मग बोटांनी उचलून घ्यायचे. दुसऱ्या शतकातील पोलक्स या ग्रीक लेखकाने हा खेळ वर्णिला असून तो विशेषतः बायकांचा असल्याचे नोंदवले आहे. वऱ्हाडातल्या ओसरीवर सागरगोटे खेळणाऱ्या मुलींना तो समजावून सांगावा लागणार नाही. दोन्ही खेळांचा उगम एकच, असा दावा करण्याचे कारण नाही. खडे सगळीकडे असतात आणि घरात थांबवलेल्या मुलीही.

१०/
घर आणि जेवण. ग्रीक घराच्या मध्ये चौक असे, खोल्या त्याभोवती. दर्शनी बाजूची एक खोली पुरुषांच्या बैठकीची. तिथेच पाहुणे येत आणि डुरिसने रंगवला तसे चषक तिथेच फिरत. बायकांचा वावर आतल्या भागात. जुन्या वाड्यातली ओसरी आणि माजघर आठवावे. जेवणाचे दोन भाग मानत: 'सिटोस' म्हणजे धान्याचे मुख्य अन्न, बार्लीचे किंवा गव्हाचे; आणि 'ओप्सॉन' म्हणजे त्यासोबतचे कोरड्यास: ऑलिव्ह, चीज, कांदा, मासे. भाकरी कमी आणि कोरड्यासच जास्त खाणाऱ्याला ग्रीक लोक हावरट म्हणत. मद्यात पाणी मिसळून पीत. निखळ मद्य पिणे रानटीपणाचे मानत. दिव्यात ऑलिव्हचे तेल जळे.

११/
सगळे ग्रीक असेच जगत, असे मात्र नाही. स्पार्टात मुलगा सात वर्षांचा झाला की घर सोडून सरकारी छावणीत जाई आणि त्याचे शिक्षण म्हणजे मुख्यतः सैनिकी तालीम असे. तिथल्या मुली मात्र धावत, कसरत करत. निरोगी आई हवी म्हणून. ही शिस्त ज्यांच्या बळावर चाले ते शेतकरी 'हेलॉट' होते, जमिनीला जखडलेले, हक्क नसलेले. अथेन्समध्ये इ.स.पू. ४५१ नंतर आई आणि वडील दोघेही अथेनियन असतील तरच मुलगा नागरिक ठरे. लोकशाहीच्या सभेत स्त्रिया नव्हत्या, दास नव्हते, बाहेरगावाहून येऊन स्थायिक झालेलेही नव्हते.

१२/
आता रस्ता पूर्वेकडे वळतो. इ.स.पू. चौथ्या शतकात अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांनंतर ग्रीक वसाहती मध्य आशियापर्यंत पसरल्या. पुढे बॅक्ट्रियातील ग्रीक राजे सिंधू खोऱ्यापर्यंत आले. भारतीयांनी त्यांना 'यवन' म्हटले, प्राकृतात 'योन' किंवा 'योनक'. हा शब्द आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून आला. इराणी लोक आधीपासूनच ग्रीकांना 'यौन' म्हणत होते. पाणिनीच्या व्याकरणात यवन शब्दापासून 'यवनानी' हे रूप येते आणि कात्यायनाने ते लिपीसाठी असल्याचे स्पष्ट केले. बखरींमध्ये याच शब्दाने मुसलमान सत्ताधीशांचा उल्लेख होतो. तो अर्थ फार नंतरचा. सातवाहन काळातील लेख वाचताना बखरीतला अर्थ मनातून काढून ठेवावा लागतो.

१३/
जमिनीइतकीच समुद्राची वाटही महत्त्वाची ठरली. इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' ही सागरप्रवासाची मार्गदर्शिका लिहिली. तिच्यात भरूच, सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे आहेत. देशावरची दोन शहरेही आहेत: पैठण, भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तेरहून साधे कापड व तलम वस्त्रे गाड्यांत भरून धड रस्ते नसलेल्या मुलखातून भरूचला जात. एक बारकावा: ग्रीक जहाज चुकून कल्याणला लागले तर त्याला पहाऱ्यात भरूचला नेत, असे लेखक बजावतो.

१४/
ते कापड ग्रीकांना किती नवलाचे वाटले असेल, हे हेरोडोटसवरून कळते. इ.स.पू. पाचव्या शतकात त्याने लिहिले की भारतात झाडांना लोकर येते आणि ती मेंढीच्या लोकरीहून सरस असते. ग्रीक घरातला माग लोकरीचा किंवा जवसाच्या धाग्याचा. कापूस त्यांच्या रोजच्या ओळखीचा नव्हता. कापसाचे शेत पाहतच मोठ्या होणाऱ्या वाशिमच्या मुलाला हेरोडोटसचे नवल कदाचित गमतीचे वाटेल. एकाला जे नित्याचे ते दुसऱ्याला अद्भुत, हे समजले की परक्या संस्कृतीचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू होतो.

१५/
जहाजे इकडे काय आणत? पेरिप्लसमध्ये भरूचच्या आयातीची यादी आहे. मद्य, मुख्यतः इटलीचे, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सोन्याचांदीची नाणी. त्यानंतर राजासाठी आणल्या जाणाऱ्या खास मालाची यादी: चांदीची भांडी, उंची मद्य, किमती वस्त्रे, सुगंधी लेप. आणि याच ओळीत, भांडी आणि मद्य यांच्या मध्ये, गाणारे-वाजवणारे दास आणि अंतःपुरासाठी देखण्या तरुणी. लेखक थांबत नाही, टीका करत नाही. वही भरणाऱ्या व्यापाऱ्याच्या सपाट आवाजात माणसे मालात मोजली जातात.

१६/
ही ओळ वाचल्यावर डुरिसच्या चषकाकडे पुन्हा पाहावे. तिथे नागरिकाचा मुलगा संगीत शिकतो, कारण संगीताने मन सुसंस्कृत होते अशी त्याच्या वडिलांची श्रद्धा. इथे दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी संगीत शिकते, कारण त्याने तिची किंमत वाढते. वाद्य एकच. पहिल्याचे चित्र रंगवले गेले आणि संग्रहालयात जपले गेले. दुसऱ्याची आठवण आयातीच्या यादीतल्या एका शब्दापुरती उरली. ज्या काळी भरूचच्या बाजारात हा माल उतरत होता, त्याच काळी तिथे मिनँडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी चालत होती, हेही पेरिप्लसच सांगतो. त्यातल्या 'द्राख्मा' या नाण्याचे संस्कृतात 'द्रम्म' झाले आणि पुढे 'दाम'. मराठीत दाम मोजणे म्हणजे किंमत चुकती करणे.

१७/
या व्यापाराच्या खुणा जमिनीतही सापडल्या. नेवासे, तेर आणि मुंबईजवळचे घारापुरी बेट येथे भूमध्य समुद्राकडच्या दोन कानांच्या मद्यकुंभांची खापरे मिळाली. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात कांस्यवस्तूंचा साठा मिळाला. त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी मूर्ती आहे. समुद्रापासून दूर, सह्याद्री ओलांडून आत, पंचगंगेच्या काठी समुद्रदेव कसा आला असेल? बहुधा कोणा व्यापाऱ्याच्या सामानातून. ज्याने ती मूर्ती जपून ठेवली त्याला तिची दंतकथा ठाऊक असेलच असे नाही.

१८/
वस्तू आल्या तशी माणसेही आली आणि काही इथलीच झाली. लोणावळ्याजवळच्या कार्ले चैत्यगृहात अनेक खांबांवर दात्यांची नावे आहेत. त्यांतील कित्येक धेनुकाकट या गावचे यवन आहेत. लेख ब्राह्मी लिपीत, भाषा प्राकृत, नावेही भारतीय. सिंहध्वज आणि धर्म ही त्यांपैकी दोन. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवन दाते भेटतात. इरिल याने पाण्याची दोन टाकी दिली. चिट याने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. चंद याने लेण्याच्या दर्शनी भागाचा खर्च उचलला. पाणी, जेवण, दार: तिन्ही दाने रोजच्या जगण्यातली आहेत. उन्हाळ्यात जुन्नरचा डोंगर चढून गेलेल्याला टाक्याचे मोल वेगळे सांगायला नको.

१९/
नाशिकच्या पांडवलेण्यांत तर एक पूर्ण कुटुंब आहे. सतराव्या लेण्यातील लेख सांगतो की दत्तामित्री नगरातून आलेला, उत्तरेकडचा योनक इंद्राग्निदत्त याने हे लेणे, त्यातले चैत्यगृह आणि पाण्याची टाकी कोरविली. त्याच्या वडिलांचे नाव धर्मदेव. मुलाचे नाव धर्मरक्षित, जो या कामात त्याच्यासोबत होता. पुण्य कोणासाठी? आईवडिलांच्या सन्मानार्थ. तीन पिढ्या, तिघांचीही नावे भारतीय, धर्म बौद्ध आणि ओळख सांगताना 'योनक' हा शब्द मात्र सोडलेला नाही. घराण्याचे मूळ विसरायचे नाही आणि ज्या मातीत राहतो तिथले व्हायचे, या दोन्ही गोष्टी त्याला एकाच लेखात सांगायच्या होत्या.

२०/
त्याच डोंगरावर, तिसऱ्या लेण्यात, राजमाता गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याला शक, यवन आणि पल्हव यांचा संहारक म्हटले आहे. एकाच टेकडीवर यवनांचा संहार गौरवाने कोरला जातो आणि यवनाचे दानही आदराने कोरले जाते. यात विरोध दिसतो तो 'यवन' हा एकसंध गट मानल्यामुळे. राजाच्या प्रशस्तीतला यवन म्हणजे रणांगणावरचा प्रतिस्पर्धी. शेजारच्या लेण्यातला यवन म्हणजे आईवडिलांसाठी टाके खोदणारा गृहस्थ. इतिहासाच्या पुस्तकात पहिल्याला जागा मिळते. दैनंदिन जीवन जाणून घ्यायचे तर दुसऱ्याकडेच जावे लागते.

२१/
ग्रीकांची सर्वांत टिकाऊ देणगी मात्र पंचांगात आहे. ग्रीक 'होरा' म्हणजे तास. तोच शब्द भारतीय ज्योतिषात 'होरा' झाला. 'केंद्र' हा शब्द ग्रीक 'केंट्रॉन'पासून आला. वारांचा क्रमही या होरांच्या गणितातून निघतो. ग्रहांचा मंदगतीकडून शीघ्रगतीकडे क्रम असा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. प्रत्येक तासाला एक स्वामी द्यावा. शनिवारचा पहिला तास शनीचा. चोवीस तासांत सातांची तीन आवर्तने होऊन तीन तास उरतात, म्हणून पंचविसावा तास येतो रवीच्या वाट्याला: रविवार. तिथून पुन्हा चोवीस मोजले की चंद्र: सोमवार. ही पद्धत ग्रीकभाषक जगात घडली आणि भारतात रुजली.

२२/
भारतातील कोरीव लेखात वाराचा पहिला निश्चित उल्लेख मध्य प्रदेशातील एरण येथे मिळतो, इ.स. ४८४ चा, गुरुवार. साधारण हाच काळ वत्सगुल्माच्या हरिषेण राजाच्या पिढीचा. म्हणजे वाशिममधून राज्य चालत होते त्या सुमारास भारतात वार मोजण्याची सवय लेखांत उतरू लागली होती. वराहमिहिराने यवनांविषयी म्हटले आहे की ते म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यापाशी सुस्थिर आहे, म्हणून ते ऋषींसारखे पूज्य ठरतात. विद्या कोणाची आहे यापेक्षा ती खरी आहे का, हे पाहण्याची ही दृष्टी पंधराशे वर्षांपूर्वीची आहे.

२३/
परक्याला आपले जीवन नेहमी नीट दिसतेच असे मात्र नाही. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारातील ग्रीक वकील मेगॅस्थेनिस याच्या आधारे ग्रीक लेखकांनी नोंदवले की भारतात कोणीही दास नाही. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दासांविषयी सविस्तर नियम आहेत. मेगॅस्थेनिसच्या डोळ्यांसमोर खाणीत आणि बाजारात राबणारे ग्रीक दास होते. भारतातली दास्याची रूपे वेगळी होती, म्हणून त्याला ती ओळखता आली नसावीत. तेव्हा अथेन्सच्या दासांकडे बोट दाखवताना हेही लक्षात ठेवावे. पेरिप्लसच्या यादीतली मुले भरूचला उतरत होती, कारण इथे त्यांना गिऱ्हाईक होते.

२४/
आता शेवटचा टप्पा, अजिंठा. सोळावे लेणे हरिषेणाचा सचिव वराहदेव याने भिक्षुसंघाला अर्पण केले. व्हरांड्याबाहेरच्या लेखात त्याने वत्सगुल्माच्या वाकाटकांची वंशावळ दिली आहे. आतल्या भिंतीवर बुद्धचरित्रातील प्रसंग आहेत. त्यांत बाल सिद्धार्थ इतर मुलांसह गुरूपुढे अक्षरे शिकताना दिसतो आणि जवळच धनुर्विद्येचा सराव चाललेला आहे. डुरिसच्या चषकाशी तुलना करावी. अक्षरे दोन्हीकडे आहेत. चषकावर वाद्य आहे, भिंतीवर धनुष्य. चषकावरचा मुलगा नागरिकाचा, भिंतीवरचा राजाचा. मुलगी मात्र दोन्हीकडे शिकायला बसलेली नाही.

२५/
तरी एक फरक महत्त्वाचा. चषकावरची शाळा मद्याच्या बैठकीत, ज्यांनी ती शाळा पाहिली होती अशाच पुरुषांच्या हातांत फिरत असे. अजिंठ्याची शाळा विहाराच्या भिंतीवर आहे. तिथे भिक्षू होते, वाटसरू येत, व्यापारी येत. आणि त्या भिंतीवरची कथा पुढे सरकते तेव्हा हा राजपुत्र म्हातारा, रोगी आणि मृत माणूस पाहतो आणि घर सोडतो. आयुष्याचे जे दर्शन त्याला हलवून गेले ते गुरूच्या पाठात नव्हते, राजवाड्याबाहेरच्या रस्त्यावर होते.

२६/
ग्रीकांचे दैनंदिन जीवन शिकताना शाळेच्या वहीत सहसा देवांची नावे, युद्धे, तत्त्वज्ञ आणि ऑलिंपिक येतात. ते सारे खरे आहे आणि शिकावेच. पण त्यासोबत चार साधे प्रश्न विचारून पाहावेत. भाकरी कोणी भाजली? वस्त्र कोणी विणले? मुलाचे सामान कोणी वाहिले? आणि जी शाळेत नव्हती ती त्या वेळी काय करत होती? हेच प्रश्न अजिंठ्याला लागू आहेत, वत्सगुल्माला आहेत आणि आजच्या कोणत्याही गावालाही.

२७/
जुन्नरला गेल्यास इरिलच्या दानाचा लेख पाहावा, नाशिकला इंद्राग्निदत्ताचा, कोल्हापूरच्या संग्रहालयात पोसायडन. वाशिमहून वायव्येला अजिंठ्याच्या वाटेला लागल्यास सोळाव्या लेण्यात थोडे थांबावे. चित्र बरेच झिजले आहे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. मग गुरूपुढची मुले हळूहळू दिसू लागतात. त्यांच्याभोवतीची जागा रिकामी दिसेल. ती कोणाची होती याचा विचार तिथे उभे राहूनच करावा.

#इतिहास #वाशिम #वत्सगुल्म #यवन #अजिंठा